सरांचं चाक आणि माझे रविवार

शर्यतीच्या शेवटच्या रेषेच्या तीन फूट अलीकडे येऊन थांबणारा धावपटू मी आयुष्यात एकच पाहिला.

गोमती नगरातली दहा किलोमीटरची शर्यत होती. सर पळत आले, रेषेपाशी थांबले आणि मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघत उभे राहिले. मागून येणारे लोक त्यांना वळसा घालून पुढे जाऊ लागले. टाळ्या वाजवायला उभी केलेली कॉलेजची पोरं ओरडायला लागली, "अंकल, आगे आइए! बस दो कदम!" एका मुलीला वाटलं, यांना चक्कर आली. ती पाण्याची बाटली घेऊन धावली. सरांनी तिला हातानेच थांबवलं.

"बेटा, अभी ग्यारह सेकंड बाकी हैं."

अकरा सेकंद संपल्यावर त्यांनी रेषा ओलांडली, मग बाटली घेतली आणि तिचे रीतसर आभार मानले. त्यांच्या डाव्या तळहातावर बॉलपेनने १:२१:३० असं लिहिलेलं होतं. सकाळी घरातून निघतानाच ते आपली वेळ तळहातावर लिहून निघत. मी विचारलं, "सर, अकरा सेकंद लवकर आलात तर बिघडलं काय?"

"आकडा चुकला की चुकला," ते म्हणाले. "कोणत्या बाजूने चुकला, हा प्रश्न नंतरचा."

मी लखनौच्या ज्या संशोधन संस्थेत आकडेवारीचं काम करतो, त्याच संस्थेच्या वर्कशॉपमधून सर निवृत्त झाले. ते मूळचे वाईचे, मी जळगावचा. लग्न त्यांनी केलं नाही. वृंदावन योजनेत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. तिथून आमच्या इंदिरा नगरातल्या घरी ते सायकलने येत. अंतर १७.२ किलोमीटर. हे मला ठाऊक असण्याचं कारण म्हणजे दारात पाऊल टाकल्यावर ते "नमस्कार"च्या आधी हा आकडा सांगत.

त्या सायकलच्या पुढच्या चाकाला त्यांनी वर्कशॉपमधल्या एका मोडीत काढलेल्या यंत्राचा मोजणीकाटा बसवला होता. चाकाचा एक फेरा झाला की एक टिक. दर वर्षी ऑगस्टमध्ये घराजवळच्या सरळ रस्त्यावर पोलादी टेपने पाचशे मीटर मोजायचे, त्यावरून सायकल न्यायची, आणि एका फेऱ्यात किती अंतर जातं ते काढायचं, हा त्यांचा नेम. त्या आकड्याला ते 'चाकाचा आकडा' म्हणत. २.०९४ मीटर. कितीतरी वर्षं तो तिसऱ्या दशांशापर्यंत हलला नव्हता, आणि याचा त्यांना लोकांना मुलांच्या मार्कांचा असतो तसा अभिमान होता.

या सायकलवरून ते शहरातल्या प्रत्येक शर्यतीचा मार्ग मोजत. माझ्या मनगटावरचं नवं घड्याळ आकाशातून अंतर मोजतं, असं मी त्यांना एकदा कौतुकाने दाखवलं. ते म्हणाले, "आकाशातून सगळंच बरं दिसतं. रस्ता रस्त्यावरून मोजायचा." पदक मिळालं की ते उलटं करून, मागच्या बाजूला पक्क्या शाईने खरं अंतर लिहीत. त्यांच्या भिंतीवर सगळी पदकं पाठमोरी टांगलेली होती: ९.८१, ९.६७, २०.९. आयोजकांना ते फोनही करत. एका आयोजकाने त्यांचा नंबर 'मीटर वाले अंकल' या नावाने साठवला होता आणि तो बघूनच उचलत नसे.

लखनौत पळायचा हंगाम चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने ऊन आपल्याला पळवतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांची आखणी सर ऑगस्टमध्येच करत, आणि तीही आमच्या जेवणाच्या टेबलावर. आलेखाचा कागद, तीन रंगीत पेन्सिली, खिशात दोन उकडलेले बटाटे. हिरवी शर्यतीसाठी, पिवळी सरावासाठी, लाल घरच्या कामांसाठी. शेचाळिसाव्या वर्षी माझी साखर वाढली तेव्हा त्यांनीच मला पळायला लावलं होतं, त्यामुळे माझा हंगाम आखणं त्यांना स्वतःचं काम वाटे.

"वहिनी, आधी लाल बोला," ते माझ्या बायकोला म्हणत. "हंगाम घरातून आखायचा असतो. रस्ता काय, रस्ता थांबतो."

मग ही लाल सांगायची. माझ्या भाच्याचं लग्न, आईंचं येणं, हळदीकुंकू. आतल्या खोलीतून मुलगी ओरडायची, "अंकल, मेरे प्री-बोर्ड भी लाल में डालिए, पापा भूल जाते हैं!" तिला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की हिंदी. सर तिला मराठीतच "नोंद झाली" म्हणत आणि चौकोन रंगवत.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, त्या वर्षी बायकोने लाल सांगायच्या आधी हात वर केला.

"सर, एक विचारू? हे तीन वर्षं दहा किलोमीटर पळतायत. दर वर्षी म्हणतात, यंदा एक तासाच्या आत. दर वर्षी एक तास दोन मिनिटं, एक तास एक मिनिट. आणि माझे सगळे रविवार यांच्या ओल्या मोज्यांसकट दोरीवर वाळत पडतात."

"एक तास एक मिनिट आठ सेकंद," मी दुरुस्ती केली.

"अहो, तुम्ही गप्प बसा. यंदा एक ठरवा. एक तासाच्या आत आले तर पुढच्या वर्षीही पळा, मी शब्द काढणार नाही. नाही आले, तर पळणं बंद. रविवार माझे."

मी सरांकडे पाहिलं. ते माझी बाजू घेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी लाल पेन्सिल धार करून घेतली आणि कागदाच्या तळाशी लिहिलं: 'एक तासाच्या आत न आल्यास पळणे बंद.' मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ घातली: 'ज्या रविवारी लक्ष्य गाठले जाईल, त्यानंतरचे हंगामातील सर्व रविवार घरी जमा.'

"हे दुसरं कशाला?" मी विचारलं.

"करार दोन्ही बाजूंनी बांधलेला असावा," सर म्हणाले.

"आणि मोजणार कोण?" बायकोने विचारलं. "आयोजकांचं मी मानणार नाही. सर मोजतील तेच खरं."

कागद फ्रिजवर लागला.

त्या ऑक्टोबरात सरांना ताप आला आणि ते दोन आठवडे झोपून होते. बरे होऊन आले ते सायकलनेच. दारात उभं राहून म्हणाले, "वहिनी, तुमचं घर जवळ आलंय. १७.१ भरलं. कुठेतरी रस्ता सरळ केलेला दिसतो." आम्ही हसलो, बायकोने मऊ भात वाढला, विषय संपला. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

नोव्हेंबरात सरावासाठी पाच किलोमीटरची शर्यत होती. सरांनी मोजली, ४.९७ भरली. "या लोकांचा हात आखडताच," ते म्हणाले.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पहिली दहा किलोमीटरची. थंडी होती, पण धुकं नेमकं विरळ होतं. सर त्या दिवशी पळाले नाहीत. शर्यत संपताच, वळणावरचे शंकू उचलायच्या आत, त्यांना मार्ग मोजायचा होता. मी रेषा ओलांडली तेव्हा घड्याळ ५९:४१ दाखवत होतं. मी तिथेच फुटपाथवर बसलो. एका अनोळखी माणसाने मला उठवून मिठी मारली आणि विचारलं, "पहली बार?" मी मान हलवली.

घरी बायकोने शिरा केला. खरं सांगतो, हरल्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. बारा वाजता सर आले.

"वहिनी," दारातूनच म्हणाले, "शिरा झाकून ठेवा."

मार्ग ९.९४ भरला होता. साठ मीटर कमी. त्यांनी टेबलावर बसून भागाकार केला, मी तो पुन्हा केला. पूर्ण दहाला माझी वेळ येत होती एक तास आणि तीन सेकंद.

"तीन सेकंदांनी काय होतंय, सर?" बायको म्हणाली. तिचा हात अजून शिऱ्याच्या डावावर होता.

"वहिनी, तीन सेकंदांनी काही होत नसेल, तर मग एक तासानेही काही होत नाही."

"हे मात्र बरोबर," ती म्हणाली आणि शिऱ्यावर झाकण ठेवलं. मुलीने झाकणाखालून घेऊन खाल्ला. सरांनी माझं पदक उलटं केलं आणि मागे ९.९४ लिहिलं. मी त्यांचा हात धरला नाही. आकड्यांपुढे माझा हात चालत नाही, हा माझा जुना दोष आहे.

आता फेब्रुवारीतली तिसऱ्या रविवारची शर्यत उरली. हंगामातली शेवटची. मध्ये जानेवारीचे चार रविवार आणि फेब्रुवारीचे दोन, सगळे सरावाचे. या वेळी सरांनी आधीच मार्ग मोजला. पुन्हा ९.९४! ते संतापले. आयोजक रंगाच्या दुकानाचे मालक होते. सर त्यांच्या दुकानात जाऊन बसले. मी सोबत होतो.

"भाईसाहब, आपकी दौड़ साठ मीटर छोटी है."

"अंकल, हमने खुद नपवाई है, ठेकेदार से."

"ठेकेदार ने नापी है, इसीलिए छोटी है."

पाऊण तास हे चाललं. गिऱ्हाइकं येत-जात राहिली. शेवटी मालकांनी हात जोडले. "अंकल, मोड़ वाला ड्रम तीस मीटर आगे कर दूँ? जाने का तीस, आने का तीस, आपके साठ पूरे. अब प्राइमर बेचने देंगे?"

शर्यतीच्या दिवशी पहाटे सरांनी तो ड्रम स्वतःच्या हाताने तीस मीटर पुढे ढकलला, त्याभोवती चुन्याची रेघ मारली आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "आता पूर्ण दहा आहे. या वेळी आलास तर कोणी शिरा झाकणार नाही."

मी पाच किलोमीटरला ड्रमला वळसा घातला तेव्हा वेळेच्या अगदी काठावर होतो. आठव्यानंतर पाय लाकडाचे झाले. शेवटच्या शंभर मीटरमध्ये घड्याळ साठ मिनिटं ओलांडून गेलेलं मला लांबूनच दिसलं. एक तास चौदा सेकंद.

बायको टोमणा मारेल म्हणून मी तयारीत होतो. तिने फ्रिजवरचा कागद काढला, चार घड्या घातल्या, ड्रॉवरमध्ये ठेवला. माझे बूट कापडी पिशवीत घालून माळ्यावर टाकले. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी साडेसातला सब्जी मंडी. पिशव्या दोन घ्यायच्या." टोमणा परवडला असता. पन्नाशीला टेकलेला माणूस बुटांसाठी रडत नाही, म्हणून मी आंघोळीला गेलो.

बुधवारी ऑफिसात चहा पिताना मी उगाच कागदावर तीन आकडे लिहिले. पाचाचे ४.९७. दहाचे ९.९४. दुसऱ्या दहाचेही ९.९४. चहा तसाच राहिला. तीन वेगळे आयोजक. लखनौत तीन आयोजकांचं शर्यत सुरू करायच्या वेळेवर एकमत होत नाही, आणि यांची चूक हजारी सहा मीटर अशी अगदी सारखी? माझा पगार दुसऱ्यांच्या आकड्यांवर संशय घेण्याबद्दल मिळतो. आणि मला आठवलं: आमचं घर जवळ आलं होतं. १७.२ चं १७.१. तेही त्याच प्रमाणात.

संध्याकाळी स्कूटरने वृंदावन योजना गाठली. सर बाल्कनीत मेथीला पाणी घालत होते. मेथी एका जुन्या सायकलच्या टायरच्या गोलात माती भरून पेरलेली होती. छान उगवली होती.

"सर, हा टायर कुठला?"

"पुढच्या चाकाचा. मी तापात होतो ना, तेव्हा सायकल दुकानात पडून होती. फुटला म्हणून भैयाने बदलला. त्याच मापाचा, पण जरा मजबूत बसवलाय म्हणाला."

"आणि चाकाचा आकडा?"

"तो ऑगस्टचाच. चाक तेच आहे."

बोलता बोलता त्यांनी हातातला तांब्या सरळ धरला. पाणी पडायचं थांबलं. ते सायकलकडे बघत राहिले, मग मेथीकडे, मग माझ्याकडे.

"चाक तेच आहे," ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी आवाज अगदी बारीक होता.

त्यांनी पोलादी टेप काढला. खाली पार्किंगमध्ये खडूच्या खुणा करून आम्ही सायकल ढकलली, दहा फेरे, तीन वेळा. २.१०७. नवा टायर दोन मिलिमीटर जाड होता, म्हणून चाकाचे फेरे कमी आणि काट्यावर रस्ता आखूड. दोन मिलिमीटर रबराने शहर हजारी सहा मीटर आखडलं होतं. डिसेंबरची शर्यत पूर्ण दहा किलोमीटरची होती. फेब्रुवारीचीही होती, सरांनी ड्रम ढकलेपर्यंत. ती मी १०.०६ पळालो होतो. पूर्ण दहाला ती वेळ ५९:५२ येत होती. मी एक तासाच्या आत दोनदा आलो होतो.

मला नाचावंसं वाटत होतं. सर पायरीवर बसले होते.

"त्या दिवशी ड्रमभोवती किती लोक पळाले असतील?" त्यांनी विचारलं.

"दीडशे तरी."

"दीडशे लोकांना मी साठ-साठ मीटर जास्त पळवलं." मग टेप गुंडाळत म्हणाले, "आणि त्या ठेकेदाराचं बरोबर होतं." हे जास्त लागलेलं दिसत होतं.

रविवारी सकाळी, मंडीतून दोन पिशव्या घेऊन आम्ही परतलो तर सर दारात उभे. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात टेप, काखेत वही. ई-रिक्षाने आले होते. त्या सायकलवर आज बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. रंगवाल्याकडे जाऊन माफी मागून आले होते. त्याने चहा पाजला म्हणे, आणि 'मीटर वाले अंकल' खोडून नुसतं 'अंकल' केलं.

त्यांनी बायकोला सगळं उभ्याने सांगितलं. आकडेमोड दाखवली. माझं पदक मागून घेतलं, मागचं ९.९४ खोडलं, १०.०० लिहिलं आणि खाली 'चूक माझी' लिहून सही केली.

बायको शांतपणे मटार निवडत होती. "म्हणजे हे डिसेंबरातच जिंकले होते?"

"हो, वहिनी."

"मग पुढच्या वर्षी पळू देत. मी शब्दाची पक्की आहे." माझा जीव भांड्यात पडला. तिने हात पुसले, ड्रॉवर उघडला, चार घड्यांचा कागद उलगडला आणि तळाच्या दुसऱ्या लाल ओळीवर बोट ठेवलं. "लक्ष्य गाठल्यानंतरचे सगळे रविवार घरी जमा. हे कुणी लिहिलं?"

"मी," सर म्हणाले.

"जानेवारीचे चार, फेब्रुवारीचे तीन. सात रविवार हे उगाच पळाले. ते माझे होते. यांचा तर दोष नाही, यांनी तुमचं ऐकलं. मग ते मला कोण भरून देणार?"

मुलगी आतून बाहेर आली. हा प्रसंग चुकवायची तिची इच्छा नव्हती. "अंकल, फँस गए आप."

सरांनी ओळ पुन्हा वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी भरून देईन," ते म्हणाले. "सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. जेवण धरून."

"जेवण धरूनच," बायको म्हणाली आणि मटारची परात त्यांच्याकडे सरकवली.

सात रविवार सर आमच्याकडे आले. कूलर धुतला, पंखे पुसले, माझ्या सासूबाईंना रिपोर्टसाठी नेऊन आणलं. मटार सोलायला बसण्याआधी तळहातावर वेळ लिहीत, आणि शेवटची शेंग हातात धरून सेकंद संपायची वाट बघत. मुलीला गणितं शिकवली. बायकोने त्यांना एकदाही पाहुण्यासारखं ताट वाढलं नाही. "सर, आमटी तुमच्या हाताशी आहे, घ्या."

आठव्या रविवारी आठ वाजता मी दार उघडलं तर सर उभे.

"सर, सात पूर्ण झाले की."

"नाही झाले," त्यांनी वही उघडली. "तिसऱ्या रविवारी मी चार वाजून वीस मिनिटांनी निघालो. चाळीस मिनिटं कमी भरला. माझ्याकडे अपुरं चालत नाही, तुला माहीत आहे."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "आणि पाचव्याला दहा मिनिटं उशिरा आला होतात."

"नोंद आहे, वहिनी."

तो रविवारही पुढे कुठल्याशा कारणाने अपुरा भरला. मग त्यानंतरचा. माझे हंगाम पुन्हा आखले जाऊ लागले, मी पहाटे पळून यायचो आणि सर आठला दारात. दोन वर्षं असं चाललं. मग त्यांच्या थोरल्या बहिणीला कोणी पाहिना म्हणून ते वाईला गेले. जाताना सायकल ट्रकात चढवली, पण जुन्या टायरची मेथी आमच्या बाल्कनीत आणि रविवारांची वही आमच्या टेबलावर ठेवून गेले.

मी एकदा त्यांच्या वहीतली सगळी बेरीज पुन्हा करून पाहिली. तेरा ठिकाणी चुकलेली आहे, आणि प्रत्येक चूक एकाच बाजूची: रविवार वाढवणारी. अशा चुका टायरमुळे होत नाहीत. मी बायकोला दाखवायला वही पुढे केली. ती मेथी खुडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "ते बरोबर करत बसू नका. त्यांचे अजून साडेतीन राहिलेत."